कायदा होण्याआधीची दवंडी

येत्या २८ जानेवारीला संसदेचे अर्थसंकल्पीय अधिवेशन सुरू होत आहे. १ फेब्रुवारीला, रविवार असूनही, अर्थसंकल्प मांडला जाईल. १३ फेब्रुवारीला पहिला टप्पा संपेल, ९ मार्चला दुसरा सुरू होईल आणि तो २ एप्रिलपर्यंत चालेल. वर्तमानपत्रांत हे वेळापत्रक एका छोट्या चौकटीत छापून आले. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते दुसऱ्यांदा पाहिले असेल. या अंकात मला त्या चौकटीबद्दलच बोलायचे आहे. कायदा चांगला की वाईट यावर आपण तावातावाने भांडतो, पण तो कोणत्या दिवशी सभागृहात येणार हे आपल्याला ठाऊक नसते. आपले बोलणे बहुतेक वेळा निष्फळ ठरते ते इथेच.

मागच्या महिन्यातलेच उदाहरण घ्या. हिवाळी अधिवेशन १ ते १९ डिसेंबर असे होते, एकूण १५ बैठकांचे. १५ डिसेंबरला, म्हणजे शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी, खासदारांच्या हातात एका नव्या विधेयकाच्या प्रती पडल्या. वीस वर्षे चाललेल्या मनरेगाच्या जागी येणारा हा ‘विकसित भारत – जी राम जी’ कायदा. १६ तारखेला विधेयक लोकसभेत मांडले गेले. १८ तारखेला गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झाले. त्याच रात्री राज्यसभेत चर्चा होऊन मध्यरात्र उलटल्यावर तिथेही मंजूर झाले. १९ तारखेला अधिवेशन संपले आणि २१ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. प्रत हातात पडल्यापासून सहीपर्यंत पुरता आठवडाही गेला नाही.

कायद्याच्या गुणदोषांवर दोन्ही बाजूंना म्हणणे आहे. सरकार म्हणते की कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले आणि बोगस हजेरीला आळा बसेल. विरोधक म्हणतात की आधी अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र उचलत होते, आता बहुतेक राज्यांना एकूण खर्चाचा ४० टक्के वाटा द्यावा लागेल. शिवाय पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातले ६० दिवस काम बंद ठेवण्याची तरतूद आहे. मागेल त्याला काम या हक्काला त्यामुळे धक्का बसतो, असे त्यांचे म्हणणे. या दोन्ही म्हणण्यांची तपासणी समितीत व्हावी, साक्षी घेतल्या जाव्यात, एवढी मागणी होती. त्यासाठी वेळापत्रकात जागा नव्हती.

डिसेंबरच्या अखेरीस मी जव्हार तालुक्यात जामसरला गेले होते. जव्हार-मोखाड्याचे डिसेंबरमधले चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली, की माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पाड्यांवर उरतात म्हातारी माणसे आणि काही मुले. ज्यांच्या रोजगाराचा कायदा त्या आठवड्यात बदलत होता, ती माणसे त्या आठवड्यात चिखल तुडवून विटा पाडत होती. एका ओसरीवर बसलेल्या आजींनी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले जॉब कार्ड काढून दाखवले आणि विचारले, “ताई, नवा कायदा आला म्हणतात. मग ह्या कार्डाचं काय?”

मला त्या प्रश्नाचे नवल वाटले ते त्याच्या नेमकेपणामुळे. थोडक्यात, एका मुद्द्यावर, माहिती मागणारा आणि केंद्र सरकारला उत्तर देणे भाग पडेल असा. लोकसभेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडून नियमही एवढीच अपेक्षा करतात. फरक इतकाच की आजींचा प्रश्न सभागृहात पोहोचवणारे कोणी नव्हते, आणि पोहोचवायचा तर कधी, हेही कोणाला माहीत नव्हते.

पूर्वीचे मोठे कायदे इतक्या घाईत झाले नव्हते. रोजगार हमीची कल्पनाच मुळात महाराष्ट्राची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती लावून धरली आणि १९७७ मध्ये राज्याने तिचा कायदा केला. देशपातळीवरचे विधेयक २१ डिसेंबर २००४ रोजी लोकसभेत आले, ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे गेले, तिथे त्याची चिरफाड झाली आणि २३ ऑगस्ट २००५ रोजी ते लोकसभेने मंजूर केले. मध्ये आठ महिने मिळाले. वनहक्क कायद्याचे विधेयक १३ डिसेंबर २००५ चे. ते संयुक्त समितीकडे गेले आणि सुमारे एका वर्षाने, १५ डिसेंबर २००६ रोजी लोकसभेत मंजूर झाले. त्या वर्षभरात देशभरच्या आदिवासी संघटनांना मोर्चे काढायला, निवेदने द्यायला आणि कलमे बदलून घ्यायला सवड मिळाली. आज जव्हारमध्ये एखाद्या कुटुंबाकडे वनपट्टा असेल तर त्यामागे ही सवडही आहे.

आता दुसरे टोक पाहा. ऑनलाइन गेमिंगचे विधेयक गेल्या वर्षी २० ऑगस्टला लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी मंजूर झाले. २१ ला राज्यसभेतून गेले, २२ ला सही झाली. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी यावी असे माझेही मत आहे. कित्येक तरुणांची घरे त्यात बुडाली. पण आपल्याला आवडणारा कायदा दोन दिवसांत होतो तेव्हा आपण गप्प बसलो, तर न आवडणारा कायदा दोन दिवसांत झाल्यावर तक्रार करण्याचा आपला हक्क दुबळा होतो.

गावात ग्रामसभा घ्यायची तर आधी नोटीस लावावी लागते, विषयपत्रिका द्यावी लागते आणि कित्येक ठिकाणी अजून दवंडी पिटली जाते. जव्हारसारख्या अनुसूचित क्षेत्रात तर पेसा कायद्यामुळे ग्रामसभेचे वजन आणखी मोठे आहे. संसदेचीही विषयपत्रिका असते. दिल्लीच्या भाषेत तिला कार्यसूची म्हणतात. दुसऱ्या दिवशी सभागृहात काय येणार आहे, कोणते प्रश्न, कोणती विधेयके, कोणते अहवाल, हे सगळे तिच्यात छापलेले असते. ती संसद डॉट इन या संकेतस्थळावर साधारण आदल्या दिवशी सगळ्यांसाठी खुली होते. अचानक काही वाढले तर पुरवणी कार्यसूची निघते. दिवस संपला की त्या दिवशी काय घडले त्याचे पत्रक येते आणि भाषणांचा कच्चा मजकूरही येतो. अडचण एवढीच की ही दवंडी पिटायला आपल्या गल्लीत कोणी येत नाही. ती आपणच पिटायची आहे.

दिवसाची रचनाही फार अवघड नाही. लोकसभेत सकाळी अकरा ते बारा प्रश्नोत्तरांचा तास, मग शून्य प्रहर. त्यात खासदार तातडीचे विषय मांडतात. राज्यसभेत शून्य प्रहर अकराला आणि प्रश्न बाराला. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न असतात. त्यांची उत्तरे मंत्री उभे राहून देतात आणि खासदारांना उपप्रश्न विचारता येतात. त्याशिवाय २३० अतारांकित प्रश्न असतात, त्यांची उत्तरे लेखी मिळतात. प्रत्येक मंत्रालयाचा उत्तर देण्याचा वार ठरलेला असतो आणि त्याचा तक्ता अधिवेशनाआधी जाहीर होतो. नियम ३७७ खाली मतदारसंघातला विषय लेखी मांडता येतो. शुक्रवारी दुपारनंतरची वेळ खासदारांच्या खासगी कामकाजाची. इतके समजले तर कार्यसूची वाचायला दहा मिनिटे पुरतात. क्रिकेट मालिकेचे वेळापत्रक तोंडपाठ असणाऱ्या तरुणांना हे जड जाऊ नये.

“सभागृह चालतच नाही, मग कसले प्रश्न नि कसली उत्तरे?” असे कोणी म्हणेल. म्हणणे खोटे नाही. गेल्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेत १२० तास चर्चेचे ठरले होते, झाले ३७ तास. ४१९ तारांकित प्रश्न कार्यसूचीवर होते, तोंडी उत्तर मिळाले फक्त ५५ ना. अध्यक्ष ओम बिर्ला यांनीच समारोपात हे आकडे सांगितले. याच गोंधळात लोकसभेने १२ विधेयके मात्र मंजूर केली. सभागृह बंद पडते तेव्हा कायदे थांबत नाहीत, प्रश्न थांबतात. गोंधळ कोणामुळे झाला यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात, पण तोटा होतो तो जाब विचारणाऱ्याचा.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा. कामकाज तहकूब झाले तरी लेखी उत्तरे सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तराची पाळी आली नाही तर त्याचेही उत्तर लेखी मिळते. टीव्हीवर आरडाओरडा दिसत असतो, आणि त्याच दुपारी शेकडो पानांची सरकारी माहिती संकेतस्थळावर चढलेली असते. ती कोणी उघडत नाही.

ती उघडली तर काय सापडते? ८ डिसेंबर २०२२ रोजी लोकसभेत केरळचे खासदार टी. एन. प्रतापन यांच्या प्रश्नाला तेव्हाच्या अल्पसंख्याक कार्यमंत्री स्मृती इराणी यांनी लेखी उत्तर दिले. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद केली आहे आणि इतर योजनांशी ती मिळतीजुळती होती हे कारण आहे, असे त्यात म्हटले होते. एम.फिल., पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांचा आधार गेल्याचे देशाला कळले ते या उत्तरामुळे. त्याच सुमारास पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही थांबली. आपल्यातले अनेक जण आजही विचारतात की शिष्यवृत्ती का येत नाही. प्रश्न एका खासदाराने विचारला म्हणून सरकारला कारण लेखी द्यावे लागले. कारण लेखी असले की त्याला आव्हान देता येते.

आता आपल्या मनातल्या एका जुन्या तक्रारीकडे येते. “तिथे आपला माणूसच नाही.” २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांमधून एकही मुस्लिम खासदार लोकसभेत गेला नाही, आणि सगळ्या लोकसभेत मुस्लिम खासदार अवघे २४ निवडून आले. ही उणीव खरी आहे आणि पक्षांनी तिचा जाब द्यायला हवा. पण त्या तक्रारीच्या आड बसून राहणे वेगळे. पालघर मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तिथले खासदार डॉ. हेमंत सवरा हे जव्हारच्या दर्गा परिसरातल्या मुस्लिम दुकानदाराचे जेवढे खासदार आहेत तेवढेच जामसरच्या वारली मजुराचेही आहेत. मत कोणाला दिले हा प्रश्न मतमोजणीच्या दिवशी संपतो. त्यानंतर पाच वर्षे मतदारसंघातल्या प्रत्येकाचा खासदारावर सारखाच हक्क असतो. शिवाय महाराष्ट्राचे राज्यसभेत १९ सदस्य आहेत, त्यांच्यापैकी कोणालाही लिहिता येते. फक्त मंत्री असलेले सदस्य प्रश्न विचारत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

आणि ज्याला आपण “आपला मसला” म्हणतो तो बहुतेक वेळा शेजाऱ्याचाही असतो. आदिवासी कार्य आणि अल्पसंख्याक कार्य ही दोन मंत्रालये संसदेच्या एकाच स्थायी समितीपुढे येतात, सामाजिक न्याय व अधिकारिता समितीपुढे. जव्हारच्या आश्रमशाळेतल्या मुलीची शिष्यवृत्ती आणि भिवंडीच्या मदरशातून महाविद्यालयात गेलेल्या मुलाची शिष्यवृत्ती यांची चौकशी तेच खासदार करतात. भिवंडीचे आपले तरुण ज्यांना भट्टीवरचे मजूर म्हणून रोज पाहतात, त्यांच्या जॉब कार्डाचा प्रश्न आपण मांडला तर ते उपकार ठरणार नाहीत, ती शेजारधर्माची साधी गोष्ट होईल.

वक्फ कायद्याच्या वेळचा अनुभव या संदर्भात पुन्हा तपासायला हवा. विधेयक ८ ऑगस्ट २०२४ रोजी आले आणि संयुक्त संसदीय समितीकडे गेले. समितीने सूचना मागवण्यासाठी १५ दिवस दिले. देशभरातून ९७ लाखांहून अधिक निवेदने गेली. दोन्ही बाजूंनी क्यूआर कोड फिरले, एक बटण दाबले की ई-मेल रवाना. एवढी जाग आली ही समाधानाची गोष्ट. पण एकाच मजकुराची लाखभर पत्रे समितीच्या दृष्टीने एकच मुद्दा असतो. आपल्या गावच्या कब्रस्तानाचा सातबारा, जुन्या नोंदी, कोणत्या कलमामुळे काय बिघडेल याचे दोन पानी टिपण, अशी पत्रे किती गेली असतील? पुढे २ आणि ३ एप्रिल २०२५ च्या चर्चा मध्यरात्रीपलीकडे लांबल्या. लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ मतांनी विधेयक मंजूर झाले. त्या रात्री आपल्या मोहल्ल्यांत लोक जागे होते. पण सभागृहात हात वर होण्याच्या वेळेला नागरिकाचे काम जवळजवळ संपलेले असते. त्याची वेळ आधीच्या आठ महिन्यांत असते. याच कायद्यात पाचव्या व सहाव्या अनुसूचीच्या क्षेत्रातली आदिवासींची जमीन वक्फ ठरवता येणार नाही असे कलम आहे. जव्हार, मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र. तिथल्या आपल्याच तरुणांपैकी कितीजणांनी ते कलम वाचले आहे, हेही विचारून पाहा.

मराठी माणसाला ही विद्या परकी नाही. पुण्यात जन्मलेले मधू लिमये बिहारमधून निवडून जात. मागे मोठा पक्ष नव्हता, पण सभागृहाच्या नियमांवर त्यांची अशी पकड होती की मंत्री तयारी करून येत. संख्या कमी असलेल्यांना नियम जास्त पाठ असावे लागतात. हा धडा आपल्याला इतर कोणाहूनही अधिक लागू आहे.

तर या अधिवेशनात आपण काय करायचे? प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे ९ मार्चनंतरच्या आठवड्यासाठी खासदारांनी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नोटीस द्यायला हवी, आणि आपले पत्र त्यांच्या हातात फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पडायला हवे. एका खासदाराला एका दिवसासाठी जास्तीत जास्त पाच प्रश्न मिळतात, म्हणून पत्रात दहा मागण्या कोंबू नका. एक विषय, एक पान. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत बसवा. त्यात भाषण नको, आरोप नको, माहिती मागा आणि ती केंद्राच्या अखत्यारीतली आहे याची खात्री करा. जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली रिक्त पदे हा मुख्यतः राज्याचा विषय, तो आमदारांकडे न्या. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी किती आला हे मात्र खासदार विचारू शकतात.

असे प्रश्न आपण तयार करू शकतो : पालघर जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत किती कुटुंबांना पूर्ण १०० दिवस काम मिळाले आणि किती मजुरी थकली? नव्या कायद्यात जुन्या जॉब कार्डांचे काय होणार? वैयक्तिक वनहक्काचे किती दावे प्रलंबित आहेत आणि किती फेटाळले? महाराष्ट्रात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी किती अल्पसंख्याक विद्यार्थ्यांनी अर्ज केले, कितींना मिळाली?

१३ फेब्रुवारी ते ९ मार्च ही सुट्टी समजू नका. त्या काळात स्थायी समित्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात आणि मार्चमध्ये त्यांचे अहवाल येतात. सभागृहात चर्चा मोजक्याच मंत्रालयांवर होते. उरलेल्या मागण्या शेवटी एकत्र मतास टाकून मंजूर केल्या जातात, त्याला गिलोटिन म्हणतात. कोट्यवधींच्या खर्चावर एक शब्दही न बोलता हात वर होतात. म्हणून समितीचा अहवाल वाचणे जास्त महत्त्वाचे.

प्रत्येक शहरात, प्रत्येक महाविद्यालयात पाच जणांचा एक गट करा. अधिवेशनाच्या दिवसांत रोज संध्याकाळी एकाने दुसऱ्या दिवशीची कार्यसूची उघडायची आणि आपल्या भागाशी संबंध असलेल्या दोन-तीन ओळी साध्या मराठीत आणि उर्दूत व्हॉट्सॲपवर टाकायच्या. एकाने लेखी उत्तरे पाहायची. एकाने खासदारांच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार सांभाळायचा आणि पोच जपून ठेवायची. बाकीच्यांनी वस्तीत, भट्टीवर, पाड्यावर जाऊन प्रश्न गोळा करायचे. उत्तर आले की ते ज्याचा प्रश्न होता त्याला नेऊन वाचून दाखवायचे. हे शेवटचे काम विसरू नका. उत्तर दिल्लीहून संकेतस्थळापर्यंत येते, संकेतस्थळावरून ओसरीपर्यंत नेणारा माणूस लागतो.

प्रत्येक पत्राला प्रश्न मिळेल असे नाही. सोडतीत आपला प्रश्न मागे पडेल, उत्तर गुळमुळीत येईल, एखादे विधेयक पुन्हा तीन दिवसांत येऊन मंजूरही होईल. पण पुढच्या वेळी ते पुरवणी कार्यसूचीत दिसल्या संध्याकाळी आपल्याला कळलेले असेल आणि कोणाला फोन करायचा हेही ठरलेले असेल. जामसरच्या आजींच्या कार्डाचा प्रश्न मी लिहून काढला आहे. तो ८५ शब्दांचा झाला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो खासदारांच्या कार्यालयात जाईल. तुमच्या भागातला प्रश्न कोणता आहे, ते लिहायला घ्या.